गावातल्या महायुद्धाच्या पाटीवरून १९१४–१८ची सैन्यभरती आणि लोकमत कसे शोधावे

साताऱ्या-रत्नागिरीकडच्या कित्येक गावांत चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत संगमरवराची एक पाटी बसवलेली असते. या गावातून इतकी माणसे महायुद्धावर गेली, १९१४–१९१९, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच तिच्यावरचा मजकूर. नावे बहुधा नसतात. पाटीबद्दल विचारले की गावात दोन उत्तरे मिळतात: 'सगळे हौसेने गेले' किंवा 'इंग्रजांनी धरून नेले'. स्मरणिका, शाळेचे हस्तलिखित, गावाचा इतिहास यांत यांपैकी एक उत्तर थेट उतरते आणि मग तेच कायम होते. खरे काय झाले ते बऱ्याच अंशी शोधता येते. त्यासाठी इतिहासाची पदवी लागत नाही, पण कामाचा क्रम पाळावा लागतो.

आधी कायदा

भारतीयांसाठी पहिल्या महायुद्धात सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा नव्हता. ब्रिटनमध्ये तो जानेवारी १९१६ मध्ये आला. आधी १८ ते ४१ वयाच्या अविवाहितांना लागू झाला, मे महिन्यात विवाहितांनाही. आयर्लंडला त्यातून वगळले होते. १९१८ मध्ये तिथे तो लावण्याची तयारी सुरू झाली तेव्हा एवढा विरोध उसळला की अंमल झालाच नाही. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने ऑक्टोबर १९१६ आणि डिसेंबर १९१७ असे दोनदा सार्वमत घेतले आणि दोन्ही वेळा लोकांनी सक्ती नाकारली. भारतात १९१७ च्या इंडियन डिफेन्स फोर्स कायद्याने सक्ती आली ती इथे राहणाऱ्या युरोपीय ब्रिटिश प्रजाजनांवर. भारतीयांना त्या दलात स्वेच्छेने नाव देण्याची मुभा होती, इतकेच.

याचा संशोधनावर थेट परिणाम होतो. ब्रिटनमध्ये सक्ती होती म्हणून सूट मागणारे अर्ज होते, ते ऐकणारी न्यायमंडळे होती, सदसद्विवेकाच्या आधारे नकार देणाऱ्यांची नोंद होती. ऑस्ट्रेलियात मतांची मोजणी झाली. आपल्याकडे सक्तीच कागदावर नाही, त्यामुळे नकारही कागदावर नाही. 'मी जात नाही' असे म्हणणाऱ्या शेतकऱ्याचा अर्ज कुठल्याही दप्तरात सापडणार नाही. त्याचे मत आडवाटेने काढावे लागते: आकड्यांतून, तारखांतून, दुसऱ्याच कामासाठी लिहिलेल्या कागदांतून. कागद सापडला नाही म्हणजे विरोध नव्हता, असा निष्कर्ष काढणे ही या विषयातली सर्वांत मोठी चूक आहे.

पाटी वाचणे

फोटो सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरके असताना काढा. भिंत सावलीत असेल तर आरशाने उजेड एका बाजूने टाका, म्हणजे झिजलेली अक्षरे उठून दिसतात. साफसफाईला साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरे. चुन्याचा थर असेल तर ओला करून बांबूच्या काडीने हलके हलके सोडवा. लोखंडी पाते, आम्ल, कपड्यांचा सोडा वापरू नका. अक्षरांत ऑइलपेंट भरण्याची हौस अनेक गावांत दिसते. ती आवरा, कारण एकदा का ३ चा ८ झाला की परत ओळखता येत नाही. मोजपट्टी शेजारी धरून एक फोटो, पूर्ण भिंतीचा एक आणि प्रत्येक ओळीचा वेगळा एक, एवढे हवेत. पाटी मूळ जागी आहे की जुनी चावडी पाडल्यावर हलवली, हेही विचारून लिहा.

मग गेलेल्यांचा आकडा गावाच्या तेव्हाच्या लोकसंख्येशी ताडून पाहा. १९११ ची जनगणना घ्या. १९२१ ची घेऊ नका, कारण मध्ये १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ येऊन गेली. एकूण लोकसंख्येचा ढोबळ दहावा हिस्सा म्हणजे १८ ते ३० वयाचे पुरुष, असे धरून चाला. समजा, गाव १,२०० वस्तीचे आणि पाटीवर ४२. भरतीच्या वयाचे पुरुष साधारण १२०, म्हणजे दर तिघांत एक गेला. हे प्रमाण फार जड आहे आणि कारण शोधायला लावणारे आहे. ४२ ऐवजी ६ असते तर प्रश्न वेगळा झाला असता. दोन गोष्टी मात्र विसरू नका. 'गेले' या आकड्यात १९१४ पूर्वीच पलटणीत नोकरीला असलेले जवानही येतात. आणि तेव्हाच्या मौज्यात आज स्वतंत्र ग्रामपंचायत असलेल्या वाड्या मोडत असतील, तर त्यांची लोकसंख्याही धरली पाहिजे.

गाव तेव्हा कोणाच्या हद्दीत होते

हे न पाहता शोध सुरू केला तर महिने वाया जातात. सातारा, पुणे, रत्नागिरी, नगर, नाशिक, खानदेश हे मुंबई इलाख्यात होते. विदर्भ मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, मराठवाडा निजामाच्या राज्यात, कोल्हापूर, सांगली, औंध, फलटण ही संस्थाने. गोवा पोर्तुगालकडे, त्यामुळे गोव्याचा माणूस ब्रिटिश नोंदींत सापडतो तो बहुतेक वेळा जहाजावरचा नोकर म्हणून. मुंबई इलाख्याचे आकडे वापरताना त्यात सिंध, गुजरात आणि कर्नाटकाचा भागही होता हे लक्षात ठेवा. युद्धकाळात या सगळ्या इलाख्यातून सुमारे ४१ हजार लढाऊ आणि ३० हजार बिगरलढाऊ माणसे भरती झाली. त्याच काळात एकट्या पंजाबातून सुमारे साडेतीन लाख लढाऊ.

हा फरक मनात पक्का बसवा. भरतीच्या जबरदस्तीवर जे लिहिले गेले आहे त्यातले बरेचसे पंजाबबद्दल आहे. १९१९ च्या जालियनवाला बागेतल्या हत्याकांडानंतर काँग्रेसने नेमलेल्या पंजाब चौकशी समितीत गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी यांच्याबरोबर मुंबईचे बॅरिस्टर मु. रा. जयकर होते. समितीच्या १९२० च्या अहवालात भरतीसाठी झालेल्या जुलमाच्या साक्षी आहेत. तो अहवाल जरूर वाचा, पण जबरदस्ती कोणत्या मार्गांनी होऊ शकते हे कळावे म्हणून. तिथले प्रसंग उचलून साताऱ्याला चिकटवू नका. लाहोरच्या संग्रहालयातली सैनिकांची मोठी नोंदवही आता संगणकावर आली आहे, तीही पंजाबची. आपली माणसे तिच्यात नाहीत.

नावे काढणे

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर युद्धात मेलेल्यांची यादी विनामूल्य पाहता येते. प्रगत शोधात 'इंडियन आर्मी' निवडा आणि नावाच्या रकान्याआधी 'अधिक माहिती'च्या रकान्यात गावाचे नाव टाका. भारतीय शिपायांच्या बऱ्याच नोंदींत बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो. गावाच्या नावाने काही निघाले नाही तर तालुका, मग जिल्हा. निकाल कोष्टकात उतरवून घेता येतात. जिल्ह्याची पूर्ण यादी एकदाच उतरवा आणि मग घरी बसून चाळा.

अडचण येते ती स्पेलिंगची. पलटणीतला कारकून ऐकेल तसे लिहायचा. 'व'साठी इंग्रजीतले व्ही, डब्ल्यू आणि ओ तिन्ही आलेले आहेत, म्हणून जाधव, पवार, गुरव प्रत्येकी तीन-चार प्रकारे शोधा. 'श' आणि 'ष'चा नुसता एस होतो, तेव्हा शिंदेंना शोधताना एच वगळूनही पाहा. 'ळ'चा एल, कधी आर. शेवटचा 'ए' अनेकदा आय होतो. गावाच्या नावातले 'बुद्रुक', 'खुर्द' बहुधा गळालेले असते. शिवाय भारतीय शिपायाचे पूर्ण नाव कधी कधी आडनावाच्याच रकान्यात, बोलण्याच्या क्रमाने घातलेले आहे, त्यामुळे गणू, बाबू, राघू, सखाराम अशा पहिल्या नावांनीही शोधून पाहा.

स्मारकाच्या नावावरून माणूस कुठल्या आघाडीवर होता ते कळते. बसरा स्मारक म्हणजे मेसोपोटेमिया (आजचा इराक), आणि आपली बहुतेक माणसे तिथे सापडतील. या स्मारकावर भारतीय शिपायांची नावे कोरलेली नाहीत, पलटणवार संख्या होती. नावे नोंदवहीत आहेत. तेव्हा भिंतीवर नाव नाही म्हणून शोध थांबवू नका. फ्रान्ससाठी न्यूव्ह शापेल, इजिप्त-पॅलेस्टाइनसाठी हेलिओपोलिस. कोकणातल्या खलाशांचा शोध घेणाऱ्यांनी 'मुंबई १९१४–१९१८' हे स्मारक पाहावे. दोन हजारांवर दर्यावर्दी तिथे नोंदले आहेत. कोकणचा इतिहास लिहिताना ही यादी हमखास राहून जाते.

पाटीवर मेलेले सहा आणि कमिशनकडे तीनच, असे होते. कमिशनच्या यादीत ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळातले मृत्यू धरतात, म्हणजे उलट जास्तही निघू शकतात, कारण १९२० चे इराकमधले बंड आणि वझिरीस्तानची मोहीमही त्यात आली. नोकरीतून नाव कटून घरी आल्यावर जखमेने किंवा आजाराने मेलेला मात्र अनेकदा सुटतो. सैन्याबरोबर गेलेले हमाल, भिस्ती, स्वयंपाकी, खेचरवाले यांच्या नोंदी शिपायांच्या नोंदींपेक्षा अपुऱ्या आहेत.

नावावरून भरतीची वेळ

माणूस सैन्यात कधी शिरला, हा सगळ्या शोधाचा कणा आहे. १९१४ चा शिपाई पेशाने शिपाई होता. बाप पलटणीत, काका पलटणीत, महिना ₹११ पगार आणि पुढे पेन्शन. १९१७ च्या जूनमध्ये केंद्रीय भरती मंडळ स्थापन झाले, लष्कराच्या जोडीला मुलकी महसुली यंत्रणा भरतीत उतरली, नाव घालणाऱ्याला ₹५० बक्षीस ठरले. एप्रिल १९१८ च्या दिल्ली युद्ध परिषदेनंतर वर्षभरात पाच लाख माणसे उभी करण्याचे ठरले आणि प्रांताप्रांतावर आकडे वाटले गेले. ज्या अधिकाऱ्याकडे शेतसारा, तगाई आणि दाखले, तोच भरतीसाठी दारात. अशा वेळी 'स्वेच्छा' या शब्दाचे वजन बदलते. म्हणून १९१५ मध्ये गेलेल्या आणि १९१८ मध्ये गेलेल्या माणसाला एकाच वाक्यात बसवू नका.

वेळ ठरवायला घरातली पदके सर्वांत उपयोगी. १९१५ संपण्याआधी आघाडीवर पोचलेल्याला ताऱ्याच्या आकाराचे पदक मिळाले, शिवाय चांदीचे युद्धपदक आणि पितळी रंगाचे विजयपदक. घरात तारा नसून उरलेली दोनच असतील आणि तारा हरवल्याची आठवण नसेल, तर तो १९१६ मध्ये किंवा त्यानंतर आघाडीवर गेला असे धरा. युद्धपदक चांदीऐवजी काशाचे असेल तर तो मजूर, हमाल किंवा अनुचर. नाव पदकाच्या कडेवर असते, ताऱ्याच्या मागच्या बाजूला. क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, चारही जसेच्या तसे उतरवा. क्रमांक पलटणीपुरता असतो, पलटणीशिवाय त्याला अर्थ नाही. पलटणीच्या आकड्याआधी २ आणि तिरकी रेघ दिसली तर ती युद्धकाळात वाढवलेली दुसरी बटालियन, म्हणजे माणूस उशिरा शिरलेला असण्याची शक्यता मोठी. पदके चिंचेने किंवा पावडरीने घासू नका, कडेवरची अक्षरे आधी जातात. साधारण १२ सेंटिमीटर व्यासाची काशाची तबकडी घरात असेल तर ती मृताच्या वारसाला दिलेली. तिच्यावर हुद्दा नसतो, फक्त नाव.

मराठा पलटणी होत्या १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. यांतल्या १०३, ११० आणि ११७ मेसोपोटेमियातल्या कुत शहराच्या वेढ्यात सापडल्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ वेढा चालला, शेवटी सुमारे १३ हजार माणसे तुर्कांच्या कैदेत गेली. या तीन पलटणींतल्या माणसाची मृत्यूची तारीख एप्रिल १९१६ नंतरची असेल तर तो कैदेत मेला का, ते तपासा. त्या तारखा पुष्कळदा अंदाजाने लावलेल्या असतात. कुत पडल्यावर या पलटणी नव्याने भराव्या लागल्या. त्याच सुमाराला तुमच्या गावातून जाणाऱ्यांची संख्या वाढली का, हे तारखा मांडून बघा. १९२२ मध्ये या पलटणी एकत्र होऊन पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली आणि आकडे बदलले. त्यामुळे 'आजोबा पाचव्या मराठ्यात होते' असे घरच्यांनी सांगितले तर ते १९२२ नंतरचे नाव आहे हे ध्यानात घ्या.

कोणाला प्रवेश होता

कोणाला नेले याइतकेच कोणाला घेतले नाही, हे पाहिल्याशिवाय लोकमत कळत नाही. सरकारने 'लढवय्या जाती' ठरवून ठेवल्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्या कंपनीच्या आणि सरकारच्या पलटणींत लढलेल्या महारांची भरती १८९० च्या दशकात बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी ती पुन्हा सुरू करावी म्हणून अर्ज केला, १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा मागणी केली. युद्धाची गरज पडली तेव्हा, १९१७ मध्ये, १११ महार ही पलटण उभी राहिली. गरज सरल्यावर १९२१ मध्ये ती मोडली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात, दुसऱ्या महायुद्धात.

यामुळे एकाच गावात भरतीकडे पाहण्याच्या दोन नजरा होत्या. वरच्या आळीत जे ओझे वाटत होते, तेच महारवाड्यात नाकारलेला हक्क परत मिळण्याची वाट होती: पगार, पेन्शन, पोरांना शाळा, अंगावर गणवेश. गावाचा इतिहास लिहिणारे बहुतेकदा एकाच आळीत विचारतात आणि तेच गावाचे मत म्हणून छापतात. हे थांबले पाहिजे. पाटीवरच्या आकड्यात कोणत्या वस्तीतले किती, याचा तक्ता केल्याशिवाय लोकमतावर एक ओळही लिहू नका. तुरुंगातल्या कैद्यांची मजूर पथकेही मेसोपोटेमियात पाठवली होती. घरच्यांनी आजोबांच्या त्या काळाबद्दल बोलायचे टाळले तर खोदून विचारू नका.

पुढाऱ्यांचे मत आणि लोकांचे मत

पुढाऱ्यांचे मत सहज सापडते, म्हणूनच ते सावधपणे वापरावे. टिळकांनी मंडालेहून सुटल्यावर ऑगस्ट १९१४ मध्ये युद्धात सरकारला साहाय्य करावे असे जाहीर केले. पुढे त्यांची भूमिका अशी होती: माणसे देऊ, पण भारतीयांना अधिकारपदाची कमिशने आणि स्वराज्याचा शब्द हवा. १० जून १९१८ ला मुंबईच्या टाउन हॉलमधल्या युद्ध परिषदेत गव्हर्नर विलिंग्डनने त्यांचे भाषण मध्येच तोडले. टिळक बाहेर पडले, त्यांचे सहकारी न. चिं. केळकर यांच्या बाबतीतही तेच झाले. गांधीजींनी मात्र विनाअट भरतीचे काम अंगावर घेतले आणि त्याच उन्हाळ्यात खेडा जिल्ह्यात फिरले. काही महिन्यांपूर्वी साराबंदीच्या लढ्यात ज्या शेतकऱ्यांनी गाड्या फुकट दिल्या, तेच आता भाड्यानेही गाडी देईनात. गांधीजींनी हे स्वतः लिहून ठेवले आहे, आणि सामान्य शेतकऱ्याच्या नकाराची इतकी स्पष्ट साक्ष त्या काळात क्वचितच मिळते. शाहू महाराजांनी मराठ्यांच्या भरतीला मनापासून पाठिंबा दिला. त्यांच्या दृष्टीने सैन्य हा शेतकरी समाजाला वर आणण्याचा मार्ग होता. तिघे तीन बाजूंना होते. तुमच्या गावावर यांतल्या कोणाचा प्रभाव होता, ते स्थानिक पुराव्यानेच ठरेल.

वर्तमानपत्रे पाहताना त्यांच्यावरची बंधने आधी लक्षात घ्या. १९१० चा प्रेस कायदा होता, १९१५ पासून भारत संरक्षण कायदाही आला. भरतीविरुद्ध उघड लिहिणे म्हणजे जामीनरक्कम आणि छापखाना गमावणे. त्यामुळे विरोध शोधायचा तो अग्रलेखात नव्हे. धान्याच्या भावाच्या बातम्या, वाचकांची पत्रे, युद्धकर्जाच्या वर्गणीबद्दलच्या तक्रारी, मामलेदाराच्या दौऱ्याचे वृत्त, सभेला किती लोक आले याचा उल्लेख, असे पाहा. केसरी तेव्हा मंगळवारी निघे, मराठा रविवारी. घटनेच्या तारखेवरून पुढचे दोन अंक काढा. केसरीइतकेच ज्ञानप्रकाश, अच्युत बळवंत कोल्हटकरांचा संदेश आणि मुकुंदराव पाटलांचे दीनमित्र पाहणे जरूर आहे. शेतकऱ्याच्या अंगाने लिहिलेले दीनमित्रात जास्त मिळेल. शोधशब्द त्या काळचे वापरा: रंगरूट, सैन्यभरती, वॉर लोन, राजनिष्ठा, महर्गता (महागाई).

सरकारी बाजूने दोन साधने भक्कम आहेत. एक, देशी वर्तमानपत्रांचे सरकारसाठी केलेले साप्ताहिक गोषवारे. मूळ अंक नष्ट झाला असेल तिथे हे गोषवारे कामी येतात, पण निवड सरकारी भाषांतरकाराची असते. दुसरे, प्रांतांनी केंद्राला पाठवलेले पाक्षिक अहवाल. गव्हर्नरचे जाहीर भाषण उत्साहाचे असते, आणि त्याच पंधरवड्याच्या गुप्त अहवालात भरती थंड असल्याची कबुली असू शकते. दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल'वर बरेच कागद घरबसल्या दिसतात. मुंबईचे राज्य पुराभिलेखागार एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे, पुण्यात आणि कोल्हापुरातही पुराभिलेखागार आहे. जाताना ओळखपत्र, विषय लिहिलेला अर्ज आणि वर्षे ठरवून न्या. 'पहिले महायुद्ध' असे मोघम मागितले तर काहीच हाती लागत नाही. महसूल, सामान्य, राजकीय आणि गृह विभागाच्या १९१७ व १९१८ च्या सूच्या मागा, आणि 'भरती'बरोबर जिल्ह्याचे नाव शोधा.

फ्रान्समधल्या शिपायांची पत्रे सेन्सॉर भाषांतर करून ठेवी. ते उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. शिपायांना पत्र वाचले जाते हे माहीत होते, म्हणून ते आडून लिहीत. 'इकडे येऊ नकोस' असे भावाला सांगायचे ते मिरचीची किंवा पिकाची भाषा वापरून. सरळ अर्थ घेऊन 'शिपाई आनंदात होते' असे लिहू नका.

घरोघरी विचारताना

आता भेटतील ते नातवंडे-पणतवंडे. त्यांना तारीख विचारून उपयोग नाही. मानमोडीच्या आधी गेले की नंतर, हे विचारा. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाला लोक मानमोडी म्हणत, ती साथ सप्टेंबर-ऑक्टोबरात शिगेला होती, आणि त्याच वर्षी पाऊसही गेला होता. दुष्काळात नाव घातले असेल तर ती भूक आहे. तिला सक्ती म्हणता येत नाही आणि हौसही म्हणता येत नाही. हा तिसरा रकाना तुमच्या तक्त्यात हवाच. पगार घरी कसा यायचा, कोण सही-अंगठा करायचे, गेलेल्याच्या बायकोचे पुढे काय झाले, जमीन घेतली की विकली, कोणी लपून बसले होते का, भरतीवाल्याबरोबर गावातला कोण हिंडायचा, हे विचारा. शेवटच्या प्रश्नावर लोक गप्प होतात, कारण त्या घराचे वारस गावातच असतात. नाव छापू नका, पद लिहा. 'पळवून नेले' असे एका घराने सांगितले तर ती आठवण समजा. एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन घरांनी तेच सांगितले आणि तारखा १९१७–१८ च्या निघाल्या, तर तो पुरावा होऊ लागतो. मामलेदार किंवा पाटलाविरुद्धचा अर्ज, खटला, बदलीचा कागद मिळाला तरच 'सक्ती झाली' असे ठाम लिहा. जात्यावरच्या ओव्या म्हाताऱ्या बायांकडून ध्वनिमुद्रित करा, पण एक ओवी अनेक गावांत असते, तिच्यावरून आपल्या गावातली घटना सिद्ध होत नाही.

दुसऱ्या महायुद्धाचे गुंते या कामात मिसळू देऊ नका. तेव्हाही सक्ती नव्हती, सुमारे २५ लाख लोक स्वेच्छाभरतीने गेले. पण राजकारण पार वेगळे होते. काँग्रेस मंत्रिमंडळांनी १९३९ मध्ये राजीनामे दिले, सावरकरांनी हिंदूंना सैन्यात शिरण्याचे आवाहन केले, आंबेडकरांनी महारांच्या भरतीसाठी प्रयत्न केले, आणि ज्या साताऱ्याने भरभरून जवान दिले त्याच साताऱ्यात प्रतिसरकार उभे राहिले. अनेक घरांत दोन्ही युद्धांच्या आठवणी एक झालेल्या असतात. बर्मा, इटली, हिटलर हे शब्द आले की दुसरे. बसरा, बगदाद, कुत, तुर्क आले की बहुधा पहिले, तरी १९४१ मध्येही आपली माणसे इराकात होती, म्हणून पदक पाहून खात्री करा.

तयार झालेले कुठे द्यावे

एक तक्ता करा. नाव, बापाचे नाव, वस्ती, पलटण व क्रमांक, भरतीचा अंदाजे काळ, आघाडी, मृत्यू किंवा परतल्याचे साल, पुरावा कोणता. शेवटचा रकाना रिकामा असेल तर ते नाव 'सांगीव' म्हणून वेगळे ठेवा. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत, एक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात द्या. युद्धात मेलेल्या एखाद्याचे नाव कमिशनच्या यादीत नसेल तर ते जोडण्यासाठी अर्ज करता येतो. सैन्यातली नोकरी, मृत्यूची तारीख आणि मृत्यूचा सेवेशी संबंध, या तिन्हींचे कागद लागतात. पेन्शनचे पुस्तक, नाव कटल्याचा दाखला, गावची मृत्युनोंद यांची साक्षांकित प्रत पाठवा, मूळ कागद घरीच ठेवा. चुकीचे गाव किंवा बापाचे नाव दुरुस्त करून घेणे त्यापेक्षा सोपे असते, म्हणून सुरुवात त्या दुरुस्तीपासून करा.